हीट शील्डला दहापैकी दहा

अहो, चाळीस वर्षांपूर्वीची बॅटरी कशी चालेल, राजनसर? नाही, म्हणजे — तुम्हाला माहीत नव्हतं? खरंच? अरे देवा. मी उगाच बोलले. बसा ना, उभे का राहिलात, चहा निवतोय. हे बघा, आता न्यायला आलात ना, ही तुमची दुसरी, हिला जरा कलती करा — करा हो, काही सांडत नाही, आत ॲसिड नाहीच — हं, आता तळ बघा. दिसली बारीक रेघ? तिथून कापतात. काळं रबरी खोकं अस्सल, सत्तर सालचं. पिवळी झाकणं अस्सल. वरचं डांबर आम्ही नव्यानं ओततो, त्यावरची अक्षरं मी रंगवते, अगदी बारीक ब्रशनं, श्वास रोखून. आणि पोटात असते कोरियाहून आलेली छोटी सीलबंद बॅटरी. तुमची गाडी सुरू होते ती त्या कोरियन बाईच्या जिवावर! सगळे असंच करतात, जगभर, परीक्षकांनाही ठाऊक असतं, ते फक्त वरून बघतात. तुम्ही त्या दिवशी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सगळ्यांना सांगत होतात ना, कॉलर ताठ करून, की सत्तर सालची बॅटरी अजून ठणठणीत आहे — मला वाटलं, गंमत करताय. कुशल तर शेजारीच उभा होता. मान डोलवत होता. म्हणजे त्यानं तुम्हालाही — असो. बॅटरीचं जाऊ दे, बॅटरीनं कुणाचं वाईट होत नाही.

खरं सांगायचं तर मी तुम्हाला बॅटरीसाठी बोलावलंच नाही. तयार आहे ती, खोटं नाही, पण गुरुवारी संध्याकाळी कुशल गॅरेजवरून घरी आला की तोच तुमच्या रीम आयलंडच्या घरी आणून देणार होता. मीच फोन केला की सोमवारी या. सोमवारी तो उम्म अल कुवैनला गॅरेजवर असतो, आठवडाभर तिथंच राहतो, म्हणून. — अहो, दचकू नका, तसलं काही नाही! दार उघडंच ठेवलंय, पलीकडच्या पोर्शनमधल्या वासंतीवहिनी मघापासून दोनदा डोकावून गेल्या, तिसऱ्यांदा साखर मागायला येतील बघा. एक प्रश्न विचारायचाय फक्त. तुम्ही कुशलला न सांगता उत्तर द्याल असं वाटलं. का वाटलं, माहीत नाही — त्या दिवशी ईश्वरी रडत होती तर तुम्ही तिला गाडीत बसवून हॉर्न वाजवू दिलात, तेवढ्यावरून. माझं माणसं ओळखण्याचं शास्त्र हे असं आहे. त्याच शास्त्रानं लग्न केलं.

विचारते. आधी थोडं सांगावं लागेल, नाही तर प्रश्न वेडगळ वाटेल. तुम्ही कुशलला गॅरेजवाला म्हणून ओळखता. तो गॅरेजवाला नाही, क्वांटिटी सर्व्हेअर आहे, बांधकामाच्या मालाचा हिशेब मांडणारा — होता. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत मंदीमुळे त्यांचा इथला टॉवर अकराव्या मजल्यावर थांबला आणि एका मंगळवारी सत्तावीस जणांना एकाच कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. बिस्किटं ठेवली होती म्हणे, क्रीमची. ईश्वरी तेव्हा सहा महिन्यांची. व्हिसा कॅन्सल झाला की देश सोडायला हातात तीस दिवस, तुम्हाला माहीत आहे ते. तेविसाव्या दिवशी रफिकभाईंनी त्याला आपल्या गॅरेजच्या व्हिसावर घेतलं. त्या काळात जुन्या गाड्या खूप येत होत्या ना त्यांच्याकडे — जे लोक घाईनं देश सोडून गेले, त्यांच्या हौसेच्या गाड्या. तुमची लाल गाडीसुद्धा अशाच कुणा गोऱ्याची, नाही का? हं. तर कुशलला पहिल्यापासून गाड्यांचं वेड, आणि मला हात बारीक कामाचा. म्हणून बॅटऱ्या. माझी अट एकच होती — शिसं आणि ॲसिड माझ्या घरात येणार नाही. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली होती मी, आणि खाली त्याची सही घेतली होती! हसा, हसा. एम.एस्सी. केमिस्ट्री ना मी, पुणे विद्यापीठ, फर्स्ट क्लास. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं काय करतं हे मला पाठ. खोकी तिकडेच रिकामी करून, सोड्याच्या पाण्यानं तीनदा धुऊन, मग घरी यायची. ईश्वरीच्या दुधाच्या बाटल्या मी वीस मिनिटं उकळायचे, डब्यावर दहा लिहिलेलं असलं तरी. ती झोपली की तिचे श्वास मोजायचे. अजून मोजते. सासूबाई फोनवर म्हणतात, “अगं, पोर आहे की प्रयोगशाळेतला उंदीर?”

आणि मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुमची ऑर्डर आली. तुमची आणि तुमच्या त्या दोन मित्रांची, तीन गाड्या. बॅटऱ्या झाल्याच, पण शिवाय हीट शील्ड. एक्झॉस्टची धग स्टार्टरला लागू नये म्हणून मधे तो वाकवलेला पत्रा असतो ना, त्याच्या आतल्या बाजूला करड्या-पांढऱ्या बोर्डाचं अस्तर. चाळीस वर्षांत त्याचा भुगा झालेला असतो. तो भुगा गॅरेजात खरवडला त्यांनी, आणि नवीन अस्तर कापायचं काम आलं माझ्याकडे. कुशलनं गुरुवारी बोर्डाची गुंडाळी आणली, म्हणाला, “शारजाहून घेतला, सिरॅमिक फायबरचा आहे, एकदम सेफ.” मी म्हटलं, बघू. हातात घेतला. मऊ होता, जाड ब्लॉटिंग पेपरसारखा. कात्रीनं सुरेख कापला जायचा. मग कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, पत्र्यात केसाएवढीही फट न राहता बसला पाहिजे म्हणून. याच टेबलावर, राजनसर. तुम्ही आता कप ठेवलाय ना, बरोबर तिथं. आणि खाली, टेबलाच्या पायाशी, ईश्वरी. दीड वर्षाची. पडलेले कपटे गोळा करायची. पीठ सांडल्यासारखी पांढरी भुकटी पडायची फरशीवर आणि ती त्यावर बोटानं गोल काढायची. माझ्याकडे फोटो आहे तिचा. छान आलाय म्हणून मी तो सोलापूरला आईला पाठवला होता.

ईशू, नको बाळा, अंकलची किल्ली दे त्यांना परत. — बघितलंत? “नो, माय कार.” नर्सरीत घातल्यापासून मराठीत उत्तरच देत नाही. राहू दे तिच्याकडे, हो? थँक यू.

तर प्रदर्शन. फेब्रुवारीतलं. तुमच्या गाडीच्या वायपरखाली परीक्षकांनी मार्कांचा कागद खोचला होता, तुम्ही फोटो काढायला गेलात, आणि मी आपली परीक्षेचा निकाल बघावा तशी तो वाचत होते. माझं अक्षर, माझी बॅटरी, नऊ मार्क. एक का कापला असेल म्हणून मी जरा खट्टू. त्याच्या खाली, हीट शील्ड. दहापैकी दहा. आणि पुढे शेरा, इंग्रजीत, तिरक्या अक्षरात — अस्तर मूळचं, ॲस्बेस्टॉसचं, बिनचूक.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला धीर झाला नाही. कुशलला बाजूला घेतलं, त्या फलाफलच्या गाडीमागं. म्हटलं, हे काय आहे? तो हसला हो. खांद्यावर हात टाकून म्हणाला, “अगं वेडे, फसले ते! सिरॅमिकला ॲस्बेस्टॉस समजले. याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं हवंय तुला?” आणि माझ्यासाठी ज्यूस आणायला गेला. ॲव्होकॅडोचा, मध घातलेला, मला आवडतो तो. म्हणजे बघा, दोनच शक्यता. एक तर माझा नवरा परीक्षकांशी खोटं बोलला, नाही तर माझ्याशी. त्या रात्रीपासून मी देवाजवळ काय मागते, माहीत आहे? देवा, माझा नवरा लबाड निघू दे. परीक्षकांना फसवणारा, तुम्हाला फसवणारा, अख्ख्या अमिरातीला फसवणारा निघू दे. कुठल्या बाईनं असं मागितलं असेल?

डॉक्टरांकडे नेऊन आणलं तिला. एक्स-रे काढला, दोनशे दिरहम, म्हणजे चोवीसशे रुपये, काहीतरी दिसेल म्हणून. काही दिसत नसतं. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंना घाई नसते. छातीत जाऊन बसतात ते, वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस, आणि मग कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, डोंट वरी, शी इज परफेक्ट.” आत्ता परफेक्ट आहे हे मलाही दिसतंय.

काय? लॅबमध्ये तुकडा का नाही तपासून घेतला? विचारलं मी एका लॅबला. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या म्हणाले, ट्रेड लायसन्सची कॉपी जोडून. म्हणजे गॅरेजची. म्हणजे रफिकभाई. म्हणजे कुशल. — नाही. थांबा. हेही पूर्ण खरं नाही. तुम्ही चहाही न पिता असे ऐकत बसता ना, की माणूस सांगत सुटतं.

मला लॅबची गरज नाहीये. मला माहीत आहे.

मागच्या रमजानमध्ये. तुमच्या गाडीचं अस्तर राहिलं होतं शेवटचं, बाकीची दोन झाली होती. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मी वरण ठेवायला गॅस पेटवला आणि हातात एक कपटा होता. उगीच धरला ज्योतीवर. चिमट्यात धरून. सिरॅमिकही जळत नाही, तेव्हा त्यानं काही सिद्ध होत नव्हतं, पण तो लाल झाला, मग मी तो बाजूला घेतला, आणि तो पुन्हा पांढरा झाला. तो पांढरा रंग मी पाच वर्षं रोज बघितलाय, राजनसर. कॉलेजच्या लॅबमध्ये बर्नर, बर्नरवर तिवई, तिवईवर तारेची जाळी, आणि जाळीच्या मधोमध तो ॲस्बेस्टॉसचा गोल. तुम्हीही बघितला असेल अकरावी-बारावीत. कडेनं झिजलेला, पोपडे निघालेला. आमच्या लॅबचे सूर्यकांतमामा तो नखानं टोकरायचे आणि म्हणायचे, “पोरींनो, चटका बसेल, जाळीला हात लावू नका.” चटका! त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मी नखानं तो कपटा सोलला. उभा उकलला. केसासारखे तंतू, आणि त्यांचे अजून बारीक तंतू. सिरॅमिक असं उकलत नाही, त्याचा चुरा होतो. एम.एस्सी. फर्स्ट क्लासला हे कळायला चार महिने लागले, आणि कळल्यावर तिनं काय केलं? गॅस बंद केला. वरण राहिलंच.

मी त्याला विचारलं नाही. का नाही विचारलं, तर — विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना. आणि उत्तर आल्यावर बॅग भरावी लागली असती. तिघांचा व्हिसा त्या गॅरेजवर. परत जायचं म्हणजे सासूबाईंच्या दोन खोल्या, आणि “गेला होतात ना मोठे दुबईला”, अबुधाबी म्हटलं तरी त्यांचं दुबईच. शिवाय म्हटलं, एकच तर अस्तर राहिलंय. मनाशी हिशेब मांडला, केमिस्ट्रीवाल्यांना डोस कळतो ना! फार्मसीतून मास्क आणला. बोर्ड ओला करून कापायला लागले, ओला असला की उडत नाही. ईश्वरीला तेवढा वेळ वासंतीवहिनींकडे ठेवायचे. फरशी ओल्या फडक्यानं तीनदा पुसायचे आणि फडकं फेकून द्यायचे. पण केलं पूर्ण. तीन आठवडे. तुमचं जे दहापैकी दहा आहे ना, ते मी माहीत असताना केलेलं आहे.

आता ऐका, यासाठी बोलावलंय. त्या तीन आठवड्यांतल्या एका गुरुवारी कुशल लवकर आला. इफ्तारच्या आधी. मी दार उघडलं ती तशीच — तोंडाला मास्क, हातात मोजे, टेबलावर पाणी टपकणारा बोर्ड. हा माणूस असा आहे, की मी टिकलीचा रंग बदलला तरी विचारतो, “आज काय विशेष?” त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं. ईशू दिसत नाही तेही बघितलं. आणि म्हणाला, “जेवायला काय आहे?”

काहीच नाही विचारलं. आणि मीही नाही सांगितलं. पोळ्या केल्या. गरम वाढल्या.

तेव्हापासून मी घोकतेय, की शारजाच्या दुकानदारानं त्याला फसवलं असेल. सिरॅमिक म्हणून दुसरंच गळ्यात मारलं असेल, इथं तर ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर बंदी आहे, कुणी उघडपणे विकेल का? आणि मास्क बघून तो थकलेला असेल, त्याचं लक्ष नसेल, उपाशी माणसाला काय दिसतं! तसं असेल तर आम्ही दोघंही मूर्ख. चालेल मला. दोन मूर्ख माणसं एका पोरीला सांभाळू शकतात. म्हणून विचारते, राजनसर — तुमच्याशी त्याचं बोलणं झालं असणार, गाडी तुमची आहे. त्या बोर्डाचं तो तुम्हाला काय म्हणाला होता? शारजातल्या कुठल्या दुकानातून घेतला, काही बोलला?

काय?

तुम्ही?

तुम्ही मागवलात. अमेरिकेहून. जुना न वापरलेला साठा — पेटीबंद — हो, कळलं मला, पुन्हा नका सांगू. पेटीवर लिहिलं होतं? काय लिहिलं होतं? ॲस्बेस्टॉस. लाल अक्षरात. बरं. आणि ती पेटी तुम्ही गॅरेजवर त्याच्या हातात दिलीत. पेटी घरी कधी आलीच नाही हो. नुसती गुंडाळी आली, वर्तमानपत्रात बांधून. मल्याळी पेपर होता. मी त्यातली चित्रं दाखवली होती ईशूला.

नाही, पाणी नको. तुम्ही बसा. नाही हो, मी रडत नाहीये, मला नीट ऐकू द्या — तुम्ही त्याला विचारलं होतंत? धोक्याचं? कधी? मेलवर? मग त्याचं उत्तर आहे तुमच्याकडे? फोनमध्ये आहे? शोधा ना. शोधा, मला घाई नाही. एप्रिल बघा, एप्रिल दोन हजार दहा. ईशू, अंकलना त्रास नको देऊ. नाही, ज्यूस नंतर. आफ्टर. आय सेड आफ्टर.

द्या इकडे.

“डिअर राजनसर.” हं. डिलिव्हरी, पेमेंट, हे नाही... हे. “रिगार्डिंग सेफ्टी, प्लीज डोंट वरी. माय वाइफ इज एम.एस्सी. केमिस्ट्री. शी इज फुली अवेअर ऑफ द मटेरियल अँड विल टेक ऑल प्रिकॉशन्स ॲट होम.”

ॲट होम.

तारीख सोळा एप्रिल. मला गुंडाळी मिळाली ती बावीसला, तेव्हा वासंतीवहिनींच्या मुलाचा वाढदिवस होता. म्हणजे सहा दिवस आधी. सहा दिवस आधी मला सगळं माहीत होतं, राजनसर, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं माझी डिग्री लावली हो. नोकरीच्या अर्जाला पाच वर्षांत कुठं लागली नाही ती. आणि तुम्ही ते वाचून म्हणालात काय? पुढचं मेल दिसतंय इथं. “ग्रेट. प्रोसीड.”

नाही, तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही विचारलंत तरी. माझ्या घरात कुणी तेवढंही केलं नाही, मला धरून. तुम्ही विचारलंत, उत्तर आलं, तुमचं समाधान झालं. मुलगी आहे दीड वर्षाची हे तुम्हाला कुठं माहीत होतं. — माहीत होतं? त्यानं फोटो दाखवला होता? कुठला फोटो?

नको. नका सांगू. कुठला ते नका सांगू.

एक काम करा. हे मेल मला पाठवा. दोन्ही, त्याचं आणि तुमचं. आत्ता, माझ्यासमोर. आयडी सांगते — माहेरच्या आडनावाचा आहे, कॉलेजात काढलेला, कुशलला त्याचा पासवर्ड ठाऊक नाही. ईशानी डॉट — लहान अक्षरं सगळी — मराठे, शेवटी डबल ई नाही, नुसता ई. ॲट याहू. गेलं? बघा, गेलं का.

कशाला म्हणजे? भांडायला नाही. भांडण काय, गुरुवारी होईल नाही तर होणार नाही, मला अजून माहीत नाही. कदाचित मी पुन्हा पोळ्याच करीन, माझा काही भरवसा नाही. हे तिच्यासाठी. वीस वर्षांनी, पंचवीस वर्षांनी कधी तिला खोकला आला आणि कुठल्या डॉक्टरनं विचारलं, की लहानपणी कुठं राहत होतात, घरात काय होतं — तर तिच्याजवळ कागद पाहिजे. कुणाला कधीपासून माहीत होतं त्याचा. तुमचं नाव आहे त्यात. कुशलचं आहे. आणि त्याखाली मला माझं लिहावं लागेल, रमजानपासून. तारीख बघून ठेवायला हवी, कोणती होती. कॅलेंडर फेकलं मी गेल्या वर्षीचं.

आता निघा तुम्ही. बॅटरी घ्या. नाही, तिला दोन्ही हातांनी, खालून धरा, हं. ईशू, किल्ली दे. गिव्ह. — दिली बघा, शहाणी आहे. तिला पापा नका देऊ, प्लीज. जा.